सर्वांचा नट : हॉलिवूडमधील कृष्णवर्णीय अभिनेते आणि साधारणीकरणाचा प्रश्न

नटाची लोकप्रियता आणि त्याची सर्वजनप्रियता ह्या दोन गोष्टी वरवर पाहता एकच वाटतात. वस्तुतः त्यांत बरेच अंतर आहे. एखादा नट एका समाजाचा, एका भाषेचा किंवा एखाद्या शहराचा लाडका असू शकतो, आणि तेवढी कीर्ती त्याला पुरेशीही वाटू शकते. नाटकाचा प्रयोग एका गावी एका रात्री होतो; त्यामुळे रंगभूमीला अशा मर्यादित प्रेमावर जगता येते. चित्रपटाचे तसे नाही. त्यात भांडवल मोठे गुंतलेले असते आणि ते देशोदेशीच्या चित्रगृहांतून वसूल व्हावयाचे असते. म्हणून निर्मात्याला ‘सर्वांना’ रुचेल असा नट हवा असतो. परंतु ह्या ‘सर्व’ शब्दात कोणाकोणाची गणना होते, आणि कोणत्या वर्गाच्या रुचीला ‘सर्वांची रुची’ असे नाव मिळते, ह्याचा विचार सहसा होत नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीय अभिनेत्यांना मात्र तो पावलोपावली करावा लागला. त्यांच्या अनुभवाकडे केवळ सामाजिक अन्यायाची हकीकत म्हणून पाहण्याची प्रथा आहे. ती हकीकत खरीच आहे. पण तिच्यात कलास्वादाचाही एक मूलभूत प्रश्न दडलेला आहे, आणि तो भारतीय काव्यशास्त्राच्या परिभाषेत अधिक स्पष्टपणे मांडता येतो.

रंगमंचावरील राम हा कोणा एका कुळात, कोणा एका काळी जन्मलेला पुरुष असतो. मग त्याच्या शोकाचा आस्वाद त्या काळाशी आणि त्या कुळाशी काहीही संबंध नसलेल्या प्रेक्षकाला कसा घेता येतो? भट्टनायकाने ह्या प्रश्नाला साधारणीकरण हे उत्तर दिले आणि अभिनवगुप्ताने ते अधिक सूक्ष्म केले. शोक रामाचा राहत नाही, नटाचा राहत नाही, प्रेक्षकाच्या खाजगी आयुष्यातलाही राहत नाही. तो सर्वांना आस्वाद्य होतो. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. साधारणीकरण म्हणजे विशेष पुसून टाकणे नव्हे. विभाव जितका रेखीव, अनुभाव जितका नेमका, तितके ते अधिक सुकर होते. रामाचे रामपण काढून घेतले तर साधारण व्हावयाला काही उरतच नाही.

अभिनवगुप्ताने रसाच्या आड येणाऱ्या विघ्नांचीही चर्चा केली आहे. समोर चाललेले संभाव्यच न वाटणे हे त्यांपैकी एक. हे माझे, ते परक्याचे, अशा भावनेत अडकून पडणे हे दुसरे. ही विघ्ने दूर करण्याचा भार तो एकट्या नटावर टाकीत नाही. नाट्याची सामग्री, वेष, संगीत ही त्या कामी साहाय्य करतातच; परंतु प्रेक्षकाने सहृदय असले पाहिजे, ही अटही त्याच्या विवेचनात गृहीत आहे. सहृदयता ही प्रेक्षकाची पात्रता आहे. हॉलिवूडच्या व्यवहारात नेमकी हीच अट गळून पडली. नटाची कातडी काळी असणे हेच गोऱ्या प्रेक्षकाच्या दृष्टीने रसविघ्न आहे, असे निर्मात्यांनी गृहीत धरले. आणि ते दूर करण्याचे काम प्रेक्षकाकडे न सोपवता नटाकडे सोपवले. प्रेक्षकाच्या सहृदयतेतील उणीव नटाने आपल्या अंगचे काहीतरी वजा करून भरून काढावी, असा हा सौदा होता.

ह्या सौद्याचे पहिले रूप अगदी उघड होते. लिंकन पेरी हा नट ‘स्टेपिन फेचिट’ ह्या नावाने १९३० च्या आगेमागे प्रसिद्धीस आला. आळशी, मंदबुद्धी, शब्द ओढत बोलणारा नोकर ही त्याची ठरीव भूमिका. तो स्वतः ‘शिकागो डिफेंडर’ ह्या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रात लिहीत असे. पण पडद्यावर त्याला धड वाक्य पुरे करण्याची मुभा नव्हती. हॅटी मॅकडॅनिएल हिला ‘गॉन विथ द विंड’ (१९३९) मधील ‘मॅमी’ ह्या दाईच्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळाले. तो मान मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय कलावंत. पण त्या चित्रपटाचा पहिला खेळ डिसेंबर १९३९ मध्ये अटलांटा येथे झाला, तेव्हा वर्णविभाजनाच्या कायद्यांमुळे ती तेथे उपस्थित राहू शकली नाही; आणि फेब्रुवारी १९४० मधील पारितोषिक समारंभात तिला सहकलाकारांपासून वेगळ्या मेजावर बसवण्यात आले. प्रेक्षकाला तिची भूमिका प्रिय होती, कारण ती प्रेक्षकाच्या मनातील उतरंडीला धक्का लावीत नव्हती.

ह्या उतरंडीमागे वितरणाचे यंत्र होते. दक्षिणेकडील राज्यांतील चित्रगृहे आणि स्थानिक सेन्सॉर नाराज होतील ही धास्ती संपूर्ण देशासाठी बनणाऱ्या चित्रपटाचे स्वरूप ठरवीत असे. लीना हॉर्न हिच्याशी एम. जी. एम. ह्या संस्थेने १९४२ साली करार केला. तिची गाणी मात्र कथानकाशी जोडली जात नसत. ती अशा बेताने चित्रित होत की दक्षिणेत ती कापून टाकली तरी गोष्ट तुटू नये. १९३० मध्ये तयार झालेल्या आणि १९३४ पासून कडकपणे अमलात आलेल्या निर्मितिसंहितेने गोऱ्या व काळ्या व्यक्तींमधील प्रेमसंबंध दाखवण्यास मनाई केली होती. ते कलम १९५६ साली निघाले. त्यानंतर १९५७ मध्ये आलेल्या ‘आयलंड इन द सन’ ह्या चित्रपटात हॅरी बेलाफॉन्टे आणि जोन फॉन्टेन ह्यांच्या प्रेमाची सूचना आहे, पण ती दोघे चुंबन घेत नाहीत. कलम गेले तरी त्याची सवय गेली नव्हती.

सौदा नाकारणारेही होते. ऑस्कर मिशो ह्याने १९१९ पासून कृष्णवर्णीय प्रेक्षकांसाठी स्वतंत्र चित्रपट काढले. त्यांत वकील, शेतकरी, ढोंगी धर्मोपदेशक अशी नाना तऱ्हेची माणसे आहेत. थोड्या पैशांत आणि तुटपुंज्या साधनांनिशी केलेल्या ह्या कामाला ‘सर्वांच्या’ चित्रगृहांत वाव नव्हता. पॉल रोब्सनसारख्या थोर गायक-नटाने ‘टेल्स ऑफ मॅनहॅटन’ (१९४२) ह्या चित्रपटातील आपल्या भागाचे चित्रण अपमानास्पद झाल्याचे पाहून हॉलिवूडकडे पाठ फिरवली. म्हणजे निवड दोनच मार्गांतून करावयाची होती : आपल्या माणसांसमोर पुरेपूर व्यक्त व्हावे, किंवा सर्वांसमोर अर्धे व्यक्त व्हावे. ह्या कोंडीतून तिसरी वाट काढण्याचा प्रयत्न सिडनी पॉइटिये ह्याने केला. त्याच्या यशाची आणि त्या यशाच्या किमतीची चिकित्सा केल्याखेरीज ह्या विषयाचा उलगडा होत नाही.

पॉइटियेचा जन्म १९२७ साली मायामी येथे, पण त्याचे बालपण गेले बहामा बेटांवर. तरुणपणी न्यूयॉर्कला आल्यावर हार्लेममधील ‘अमेरिकन नीग्रो थिएटर’ ह्या संस्थेत तो परीक्षा देण्यास गेला, तेव्हा अडखळते वाचन आणि बहामी उच्चार ह्यांमुळे त्याला परत पाठवण्यात आले. त्याने एक रेडिओ विकत घेतला आणि काही महिने निवेदकांचे बोलणे ऐकून, त्याची नक्कल करून आपला मूळ उच्चार घालवला. पुढे जगाला परिचित झालेली त्याची ती स्वच्छ, तोललेली, कोणत्याही विशिष्ट गावाची नसलेली वाणी अशी घडलेली आहे. नटाने उच्चार कमावणे ह्यात गैर काही नाही. प्रत्येक नट ते करतो. पण येथे कमावण्याबरोबर गमावणेही होते, आणि ते एका उच्चारापुरते थांबले नाही.

‘नो वे आउट’ (१९५०) मधील डॉक्टरपासून त्याच्या भूमिकांची एक जात दिसू लागते. त्याचा नायक शिकलेला, संयमी, नैतिक दृष्ट्या गोऱ्या पात्रांहून वरचढ, आणि बहुधा एकटा असतो. त्याला घर नसते, शेजार नसतो, प्रेयसी क्वचितच असते. ‘लिलीज ऑफ द फील्ड’ (१९६३) मधील होमर स्मिथ हा भटका कारागीर वाळवंटात परदेशी जोगिणींसाठी प्रार्थनामंदिर बांधून देतो आणि निघून जातो. ह्या भूमिकेसाठी एप्रिल १९६४ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे ऑस्कर मिळाले. प्रमुख भूमिकेसाठी ते मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय पुरुष. त्याच वर्षी जुलै महिन्यात नागरी हक्कांचा कायदा संमत झाला. कायदा व्हावा म्हणून देशभर चाललेल्या आंदोलनातील संताप होमर स्मिथच्या गावीही नाही. ह्याच सुमारास ‘नथिंग बट अ मॅन’ (१९६४) हा लहानसा चित्रपट निघाला. त्यात आयव्हन डिक्सन ह्याने अलाबामातील एका रेल्वे-मजुराचे काम केले आहे. त्याला बायको आहे, बाप आहे, राग आहे, अपमान गिळताना होणारी घुसमट आहे. ह्या भूमिकेत विभाव कितीतरी अधिक भरीव आहेत. पण ती ‘सर्वांच्या’ वाट्याला आली नाही.

‘सर्व’ प्रेक्षक हा एकजिनसी नसतो, ह्याचा बोलका पुरावा ‘द डिफायंट वन्स’ (१९५८) ह्या चित्रपटाने दिला. एक काळा आणि एक गोरा असे दोन कैदी एकाच साखळीने बांधलेले पळून जातात. शेवटी साखळी तुटलेली असते, काळा कैदी धावत्या गाडीत चढलेला असतो. पण गोऱ्या साथीदाराला चढता येत नाही असे पाहून तो मुक्ती सोडून खाली येतो. जेम्स बॉल्डविनने १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द डेव्हिल फाइंड्स वर्क’ ह्या ग्रंथात ह्या प्रसंगाची दखल घेतली आहे. उदारमतवादी गोऱ्या प्रेक्षकांना त्या त्यागाने हायसे वाटले. हार्लेममधील प्रेक्षकांनी मात्र, खुळ्या, गाडीत परत चढ, असा गिल्ला केला. नट तोच, दृश्य तेच. एका प्रेक्षकगृहात करुण आणि दुसऱ्यात संताप. पहिल्या प्रेक्षकगृहाला रस मिळावा म्हणून दुसऱ्याचा रसभंग झाला, आणि निर्मात्याच्या हिशेबात पहिलेच ‘सर्व’ होते.

१९६७ हे वर्ष पॉइटियेच्या कीर्तीचे शिखर. ‘टू सर, विथ लव्ह’, ‘इन द हीट ऑफ द नाइट’ आणि ‘गेस हूज कमिंग टू डिनर’ हे तिन्ही चित्रपट त्याच वर्षी आले, आणि १९६८ च्या चित्रगृहचालकांच्या कौलात गल्ला खेचणाऱ्या नटांत तो पहिला ठरला. तिसऱ्या चित्रपटात एका सुखवस्तू, पुरोगामी गोऱ्या कुटुंबातील मुलगी आपला कृष्णवर्णीय वाग्दत्त वर घरी आणते. वर कसा? जगन्मान्य डॉक्टर, जागतिक आरोग्य संघटनेत काम केलेला, अत्यंत सभ्य. मुलीच्या आईबापांची संमती नसेल तर लग्न करणार नाही असे त्यांना एकांतात सांगणारा. दिग्दर्शक स्टॅन्ली क्रेमरचे समर्थन तर्कशुद्ध होते : वरात दुसरा कोणताही दोष ठेवला नाही, की विरोधाला वर्ण हेच एकमेव कारण उरते. युक्तिवाद म्हणून हे बिनतोड आहे. पात्ररचना म्हणून घातक आहे. दोष वजा करता करता माणूसच वजा होतो. ह्या प्रेमिकांचे चुंबन प्रेक्षकाला दिसते ते टॅक्सीतील आरशात, चालकाच्या नजरेतून. तिकडे त्याच वर्षाच्या जून महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने लव्हिंग विरुद्ध व्हर्जिनिया ह्या खटल्यात आंतरवर्णीय विवाहावरील बंदी घटनाबाह्य ठरवली होती. डिसेंबरात प्रदर्शित झालेला चित्रपट कायद्याच्या मागे होता.

क्लिफर्ड मेसन ह्या नाटककार-समीक्षकाने सप्टेंबर १९६७ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ पत्रात पॉइटियेवर कठोर टीका केली. गोऱ्या अमेरिकेला तो इतका का आवडतो, असा प्रश्न करून, तो पुन्हा पुन्हा एकच निर्जंतुक, एकपदरी नायक रंगवतो, असा त्याने आक्षेप घेतला. आक्षेपात तथ्य आहे. पण न्याय अपुरा आहे. पॉइटियेच्या काळी प्रमुख भूमिका मिळणारा कृष्णवर्णीय नट जवळजवळ तो एकटाच होता. गोऱ्या नटाने खलनायक रंगवला तर तो एक खलनायक असतो. पॉइटियेने रंगवला असता तर तो सगळ्या समाजावर लागलेला डाग ठरला असता. ज्याच्यावर कोट्यवधींच्या प्रतिनिधित्वाचा बोजा आहे त्याला विशेष होण्याचे स्वातंत्र्य नसते. शिवाय त्याच्या अभिनयात संहितेने नाकारलेले पुष्कळ काही शिरले आहे. ‘इन द हीट ऑफ द नाइट’ मध्ये मिसिसिपीतील एक गोरा जमीनदार फिलाडेल्फियाहून आलेल्या व्हर्जिल टिब्स ह्या गुप्त पोलिसाला चपराक मारतो आणि टिब्स क्षणाचाही विलंब न लावता ती परत करतो. तो क्षण हिशेबी सौजन्याचा नाही. त्यात आवाज, डोळे आणि हात ह्यांची एकच त्वरा आहे, आणि दोन्ही प्रकारच्या प्रेक्षकगृहांना ती सारखीच कळली. ह्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे आणि सहनायक रॉड स्टायगर ह्याला अभिनयाचे ऑस्कर मिळाले. पॉइटियेचे नाव नामनिर्देशितांच्या यादीतही नव्हते.

पुढील काळात सौद्याच्या अटी सौम्य झाल्या, सौदा राहिला. १९७१ साली ‘स्वीट स्वीटबॅक’ आणि ‘शाफ्ट’ ह्या चित्रपटांनी दाखवून दिले की कृष्णवर्णीय प्रेक्षक हाही मोठा ग्राहक आहे. पण त्या यशाचे अनुकरण करताना निर्मात्यांनी दुसरा एक साचा तयार केला. सोज्ज्वळ डॉक्टराच्या जागी बंदूकधारी मर्द आला. डेंझेल वॉशिंग्टन ‘द पेलिकन ब्रीफ’ (१९९३) मध्ये जूलिया रॉबर्ट्सबरोबर नायक आहे, पण त्यांच्यात प्रणय नाही. विल स्मिथने आपल्या व्यवस्थापकासह सर्वाधिक गल्ला जमवणाऱ्या चित्रपटांची यादी समोर ठेवून त्यांतील समान घटक शोधले आणि त्यानुसार भूमिका निवडल्या. ‘इंडिपेंडन्स डे’ (१९९६) आणि ‘मेन इन ब्लॅक’ (१९९७) ही त्याची फळे. त्याच स्मिथने ‘हिच’ (२००५) च्या वेळी सांगितले की नायिका कृष्णवर्णीय घेतली तर चित्रपट ‘काळ्यांचा’ ठरेल आणि गोरी घेतली तर वादंग होईल अशी धास्ती होती. म्हणून लॅटिन वंशाची अभिनेत्री घेण्यात आली. १९५७ मधील संकोच आणि २००५ मधील ही तडजोड ह्यांचे नाते सख्खे आहे. पॉइटियेनंतर प्रमुख भूमिकेसाठी ऑस्कर मिळवणारा दुसरा कृष्णवर्णीय पुरुष वॉशिंग्टन. ते वर्ष २००२. मध्ये ३८ वर्षे गेली. २०१४ साली सोनी कंपनीचा फुटलेला पत्रव्यवहार प्रसिद्ध झाला, तेव्हा कृष्णवर्णीय नायक परदेशात चालत नाही हा समज त्यातही आढळला. पूर्वी दक्षिणेची राज्ये कारण होती. आता परदेशी बाजार कारण झाला होता.

ह्या समजाला गेल्या दशकात दोन चित्रपटांनी उत्तर दिले. जॉर्डन पील ह्याचा ‘गेट आउट’ (२०१७) म्हणजे १९६७ च्या त्या भोजनप्रसंगाचे उलटे रूप. गोऱ्या, पुरोगामी म्हणवणाऱ्या कुटुंबात मुलगी आपल्या कृष्णवर्णीय मित्राला घेऊन येते; पण आता पाहणारी दृष्टी पाहुण्याची आहे, आणि यजमानांचे सौजन्य भयानक आहे. डॅनिएल कलूया ह्याच्या चेहऱ्यावरील सावध हसू, अवघडलेपण, डोळ्यांतील पाणी ह्या साऱ्या अनुभावांना एका विशिष्ट इतिहासाचा आधार आहे. तरी भीती सर्वांची होते. सुमारे ४५ लक्ष डॉलर खर्चून काढलेल्या ह्या चित्रपटाने २५ कोटींहून अधिक मिळवले. दुसरा चित्रपट ‘ब्लॅक पँथर’ (२०१८). त्यातील राजाची भूमिका करणाऱ्या चॅडविक बोसमनने आफ्रिकी उच्चाराचा आग्रह धरला. प्रेक्षकाला तो झेपेल का, अशी शंका निर्मात्यांच्या बाजूने काढली गेली. बोसमन ठाम राहिला. ज्या राजाच्या देशावर परकी सत्ता कधी आलीच नाही, तो परकी सत्तेच्या उच्चारात का बोलेल, असा त्याचा साधा प्रश्न होता. चित्रपटाचे जागतिक उत्पन्न १३० कोटी डॉलरांच्या पलीकडे गेले. रेडिओसमोर बसून आपला उच्चार पुसणारा पॉइटिये आणि परका उच्चार नाकारणारा बोसमन ह्यांच्यामध्ये सुमारे ७० वर्षांचे अंतर आहे. अर्थात पॉइटियेने दार उघडले नसते तर बोसमनला हट्ट धरण्याची संधीच मिळाली नसती, हेही तितकेच खरे.

पैशाच्या यशाने कलाविषयक प्रश्न सुटत नाही, हे येथे मान्य केले पाहिजे. गल्ला भरला म्हणून ‘ब्लॅक पँथर’ थोर ठरत नाही. पण निर्मात्यांचा दावा पैशाच्या भाषेत केलेला होता. त्याचे खंडन त्याच भाषेत होणे आवश्यक होते. ते झाल्यावर जे उरते ते शुद्ध समीक्षेचे आहे : विशेष पुसून मिळणारी मान्यता आणि विशेषातून उमलणारे साधारणीकरण ह्या भिन्न वस्तू आहेत. पहिलीला निर्विशेषीकरण म्हणता येईल. तिच्यात प्रेक्षकाला काहीच ओलांडावे लागत नाही. दुसऱ्यात त्याला स्वतःच्या बाहेर एक पाऊल टाकावे लागते, आणि ते टाकण्याची क्षमता म्हणजेच सहृदयता.

हा भेद भारतीय वाचकाला परका वाटण्याचे कारण नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी जनांना अर्पण केला. १९७२ साली मुंबईत दलित पँथर ही संघटना स्थापन झाली तेव्हा तिने नाव घेतले ते अमेरिकेतील ब्लॅक पँथर पक्षावरून. मराठीत दलित साहित्य प्रकटले, तेव्हा ते विश्वात्मक आहे का, असा प्रश्न त्याला विचारला गेला. ह्या विश्वात कोण राहतो, असा प्रतिप्रश्न शरणकुमार लिंबाळे ह्यांच्या ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ (१९९६) सारख्या ग्रंथांच्या मुळाशी आहे. नागराज मंजुळे ह्यांचा ‘सैराट’ (२०१६) सोलापूरकडच्या बोलीत आणि जातीच्या उघड वास्तवात घट्ट रुजलेला असूनही अफाट लोकप्रिय झाला. त्याचे ‘धडक’ (२०१८) हे हिंदी रूप व्यापक प्रेक्षकासाठी उदयपुरात नेण्यात आले, तेव्हा जातीची धार बोथट झाली आणि शोकही पातळ झाला. व्यापकतेसाठी जे वजा केले तेच व्यापकतेचे मूळ होते.

तेव्हा एखादा नट, एखादी कादंबरी किंवा एखादी कविता ‘सर्वांना’ भावते की नाही, असा निकष लावताना समीक्षकाने आणखी एक हिशेब मांडला पाहिजे : ती सर्वांपर्यंत पोहोचावी म्हणून कोणाला किती सोडावे लागले. सिडनी पॉइटिये ६ जानेवारी २०२२ रोजी निवर्तला. त्याने जे सोडले ते त्याच्या उणेपणामुळे सोडले नव्हते; समोरच्या आसनांवर जे बसले होते त्यांच्या पात्रतेचे ऋण त्याने आपल्या पदरचे खर्चून फेडले.